गोलपोस्टखालची भेग

अमेरिकेतल्या बर्कलीचं कॉलेज फुटबॉल स्टेडियम १९२३मध्ये बांधलं गेलं तेच जमिनीतल्या एका जिवंत भेगेवर. गेली शंभर वर्षं ते हळूहळू दोन दिशांना सरकतंय. तरीही ते तिथंच उभं आहे. एका 'चुकलेल्या' स्टेडियमची ही गोष्ट.

---

वीस वर्षांपूर्वी या स्टेडियममध्ये कुणी नवखा पाहुणा आला, की जुने विद्यार्थी त्याला मॅच सुरू व्हायच्या आधी एका ठिकाणी हमखास घेऊन जायचे. वरच्या कडेला, 'केके' नावाच्या सेक्शनपाशी. तिथं काँक्रीटची भिंत एकदम तुटल्यासारखी दिसायची. म्हणजे पडलेली नाही, ढासळलेली नाही. फक्त उजवीकडची भिंत आणि डावीकडची भिंत एका रेषेत नाहीत. मधल्या फटीत आख्खा हात जाईल अशी जागा. कुणीतरी केक मधोमध कापून एक अर्धा भाग जरासा पुढं ढकलावा, तसं काहीतरी. पाहुणा विचारायचा, 'हे काय, बांधताना चुकलं का?' त्यावर उत्तर ठरलेलं, 'बांधताना सरळच होतं. नंतर सरकलं.'

हे आहे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कलीचं 'कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम'. दरवर्षी आपल्याकडची कितीतरी पोरं एमएसच्या अ‍ॅडमिशनसाठी ज्या युनिव्हर्सिटीचं नाव यादीत सगळ्यात वर लिहितात, तीच ही. नोबेलवाले प्रोफेसर, कम्प्युटर सायन्स, सिलिकॉन व्हॅली हे सगळं आपल्याला माहीत असतं. पण याच कॅम्पसच्या पूर्व टोकाला, डोंगराच्या कुशीत एक भलंमोठं स्टेडियम आहे आणि त्याच्या खालून हेवर्ड फॉल्ट नावाची भूकंपाची भेग गेलीय हे फारसं कुणी सांगत नाही. आणि खालून म्हणजे कुठून कोपऱ्यातून नाही. साधारण एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत, मैदानाच्या लांबीला धरून!

इंग्रजीत 'फॉल्ट' म्हणजे चूकही आणि जमिनीतली भेगही. या स्टेडियमच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच जागी येऊन बसलेत.

कॉलेजच्या मॅचला लाखभर लोक?

आधी एक गोष्ट क्लिअर करू. हा फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा नाही. अंडाकृती बॉल, खांद्यावर पॅड, डोक्यावर हेल्मेट आणि पायापेक्षा हातांचाच जास्त वापर असलेला हा अमेरिकन फुटबॉल. आणि तिथं कॉलेजची टीम हे प्रकरण आपल्या इंटर-कॉलेज स्पर्धेसारखं नसतं. आपल्याकडं कॉलेजच्या फायनलला चार मित्र आणि दोन सर आले तरी खूप झालं. तिकडं शनिवारी आख्खं गाव रंग लावून स्टेडियममध्ये. माजी विद्यार्थी, आजी-आजोबा, बँड, तोफ, सगळं.

या वेडाची पायाभरणी झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. हार्वर्डनं १९०३मध्ये काँक्रीटचं स्टेडियम बांधलं. तोवर अशी मैदानं बहुतेक लाकडाची असायची. गंमत म्हणजे त्या स्टेडियमच्या एका मर्यादेनं खेळच बदलला असं सांगतात. तेव्हाच्या फुटबॉलमध्ये पोरं अक्षरशः मरत होती, इतका तो हाणामारीचा खेळ होता. मैदान रुंद केलं तर खेळाडू पांगतील आणि मारामारी कमी होईल असा एक प्रस्ताव आला. पण हार्वर्डचं नवंकोरं काँक्रीट काही रुंद होईना. मग दुसरा उपाय पुढं आला. बॉल हातानं पुढं फेकायला परवानगी द्या. १९०६मध्ये तो नियम आला आणि आज अमेरिकन फुटबॉल म्हटलं की जो लांबलचक पास डोळ्यांसमोर येतो, तो असा अधिकृत झाला. थोडक्यात, स्टेडियम एकदा बांधलं की ते सगळ्यांना आपल्या तालावर नाचवतं. बर्कलीत पुढं हेच झालं.

पहिलं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत स्टेडियमची लाटच आली. ओहायो १९२२, इलिनॉय, नेब्रास्का आणि लॉस एंजेलिस १९२३. बहुतेकांना नाव एकच, 'मेमोरियल', म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ. स्मारकही होतं आणि खेळायला जागाही मिळते. त्यात बर्कलीला दोन गोष्टींची घाई होती. एक म्हणजे कोच अँडी स्मिथची टीम. १९२० ते १९२४ अशी सलग पाच वर्षं ती एकही मॅच हरली नाही. लोक तिला 'वंडर टीम' म्हणायचे आणि जुन्या लाकडी मैदानात गर्दी मावेनाशी झाली होती. दुसरं कारण अजून महत्त्वाचं. खाडीपलीकडच्या स्टॅनफर्डनं, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्यानं, १९२१मध्ये स्वतःचं भलंमोठं स्टेडियम उभं केलं होतं. मग आपण मागं राहायचं का?

जागा सुंदर, पण…

पैसा लोकवर्गणीतून आला. जागा ठरली स्ट्रॉबेरी कॅन्यनच्या तोंडाशी. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कॅम्पस, आणि वरच्या बाकांवरून थेट सॅन फ्रान्सिस्कोची खाडी दिसते. आजही कॉलेज फुटबॉलमधल्या सगळ्यात देखण्या जागांमध्ये हिचं नाव घेतात. तेव्हाही काही लोकांनी विरोध केला होता, पण तो मुख्यतः दरीतली झाडी आणि ओढा जाईल म्हणून. भूकंपाचा विचार दुय्यमच राहिला.

डिझाइन जॉन गेलन हॉवर्ड या आर्किटेक्टचं. बर्कली कॅम्पसवरचा तो प्रसिद्ध घड्याळाचा मनोराही त्याचाच. त्यानं डोळ्यांसमोर ठेवलं रोमचं कलोसियम. पश्चिमेला, म्हणजे कॅम्पसच्या बाजूला, उंच कमानींची काँक्रीटची भिंत. पूर्वेला मात्र भिंतच नाही. तिथं डोंगराचाच उतार कोरून, भराव घालून त्यावर बाक बसवले. हा डोंगर फोडायची पद्धतही खास कॅलिफोर्नियाची. सोन्याच्या खाणीत जशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं माती उडवायचे, तशीच इथली माती पाण्यानं धुऊन काढली.

खर्च झाला सुमारे १४ लाख डॉलर. काम वर्षभराच्या आत पूर्ण! २४ नोव्हेंबर १९२३ला पहिली मॅच झाली, अर्थातच स्टॅनफर्डशी. बर्कली ९-०नं जिंकली. आत सत्तर हजारांच्या वर लोक, आणि बाहेर डोंगरावर फुकट बघणारे हजारो वेगळेच. त्या टेकडीला तेव्हापासून 'टाइटवॉड हिल' म्हणतात. आपल्या भाषेत कंजूस टेकडी. शंभर वर्षं झाली, ती अजून हाऊसफुल्ल असते.

नेमकं चुकलं कुठं?

आता या देखण्या स्टेडियमच्या चुका एकेक करून बघू.

पहिली आणि सगळ्यात मोठी, जागा. हेवर्ड फॉल्टवर २१ ऑक्टोबर १८६८ला मोठा भूकंप झाला होता. अंदाजे तीव्रता ६.८. आपल्या किल्लारीचा १९९३चा भूकंप साधारण ६.२चा होता. आकड्यांत फरक ०.६चाच दिसतो, पण बाहेर पडणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबात तो जवळजवळ आठपट होतो. १८६८मध्ये तिथं वस्तीच विरळ होती, म्हणून ३०च्या आसपास माणसं गेली. १९०६चा सॅन फ्रान्सिस्कोचा महाभूकंप होईपर्यंत तिकडं 'तो मोठा भूकंप' म्हटलं की लोकांना १८६८च आठवायचा.

मग १९२३मध्ये हे कुणाला ठाऊक नव्हतं का? होतं की! १९०६नंतर भूकंपाचा जो सविस्तर सरकारी अहवाल निघाला, त्याचं काम बर्कलीच्याच अँड्र्यू लॉसन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली झालं होतं. म्हणजे माहिती त्याच कॅम्पसवर होती. बांधणाऱ्यांनी तिची दखलही घेतली. भेग जिथून जाते तिथं त्यांनी भिंतीत मुद्दाम सांधे सोडले. जमीन हलली तर भिंत फुटू नये, सांध्यावर सुटावी म्हणून. आजच्या भाषेत सांगायचं तर रिस्क ओळखली, नोंदवली आणि मग पुढचं काम चालू ठेवलं.

दुसरी चूक, अर्धं हे अर्धं ते. पश्चिमेची उंच भिंत स्वतःच्या पायांवर उभी आणि पूर्वेचा भाग मातीत टेकलेला. भूकंपात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या हलणार. उंच, जड, ठिसूळ काँक्रीटचा भाग जास्त धोक्याचा. आणि १९२३च्या काँक्रीटमध्ये आजच्यासारखं भरपूर, नीट गुंफलेलं लोखंड नसायचं. तेव्हाचं इंजिनीअरिंगच तेवढं होतं.

तिसरी चूक, ओढा. स्ट्रॉबेरी क्रीक नावाचा ओढा तिथून वाहायचा. तो त्यांनी सरळ स्टेडियमखालच्या काँक्रीटच्या बोगद्यात घातला. आता तो बोगदाही भेग ओलांडून जाणार, हे ओघानं आलंच. १९६०च्या दशकात आत उतरून पाहिलं तर बोगद्याला तडे गेलेले. १९६६मध्ये त्यावर रीतसर शोधनिबंध छापून आला. कारण? फॉल्टची हालचाल.

आणि इथं या गोष्टीला एकदम ट्विस्ट येतो. कारण १८६८नंतर हेवर्ड फॉल्टवर मोठा भूकंप झालेलाच नव्हता. मग बोगदा कशानं फुटला?

नखापेक्षाही हळू

१९२३मध्ये समज अशी होती, की फॉल्ट एकतर शांत असतो नाहीतर भूकंपात एकदम सरकतो. मधलं काही नाही. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातच हॉलिस्टरजवळच्या एका वायनरीची इमारत भूकंपाशिवाय हळूहळू वाकडी होताना दिसली आणि शास्त्रज्ञांचे डोळे उघडले. काही फॉल्ट आवाज न करता, रोज थोडे थोडे सरकत असतात. याला इंग्रजीत 'क्रीप' म्हणतात. हेवर्ड फॉल्ट त्यातलाच निघाला.

वेग किती? वर्षाला साधारण ५ मिलिमीटर. आपली नखं दीड महिन्यात जेवढी वाढतात, तेवढं हे स्टेडियम वर्षभरात सरकतं. ऐकायला काहीच नाही. पण दरवर्षी, न चुकता. पश्चिमेचा भाग उत्तरेकडं, पूर्वेचा दक्षिणेकडं. नव्वद वर्षांत ती फारकत एक फुटाच्या वर गेली. 'केके' आणि समोरच्या टोकाच्या 'एक्सएक्स' सेक्शनमध्ये जे तुटलेपण दिसायचं ते हेच. बांधणाऱ्यांनी सोडलेले सांधे एका मोठ्या धक्क्यासाठी होते. त्यांनी काम केलं, पण वेगळ्याच कारणासाठी. शंभर वर्षांच्या या संथ ओढाताणीचा कुणी विचारच केला नव्हता.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. रोज थोडं सरकतंय म्हणजे ताण मोकळा होतोय, मग मोठा भूकंप कशाला होईल, असं वाटू शकतं. तसं नाही. वरचे थर सरकतात, पण खोलवर फॉल्टचे मोठे भाग अडकलेलेच असतात आणि तिथं ताण साचत राहतो. गेल्या काही शतकांतल्या खुणा पाहिल्या तर या फॉल्टच्या मोठ्या भूकंपांमध्ये सरासरी दीडशे वर्षांच्या आसपास अंतर आहे. १८६८मध्ये दीडशे मिळवा. गणित सोपं आहे आणि म्हणूनच पोटात गोळा आणणारं आहे. २०१४च्या शास्त्रीय अंदाजानुसार तीस वर्षांत हा फॉल्ट आणि त्याला जोडलेला उत्तरेकडचा फॉल्ट मिळून ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ३३ टक्के. अमेरिकी भूगर्भ विभागानं २०१८मध्ये या फॉल्टवरच्या ७ तीव्रतेच्या भूकंपाचं एक काल्पनिक चित्र मांडलं. त्यात ८००च्या आसपास मृत्यू धरले होते.

पण आठवणींचं काय?

एवढं कळल्यावर साधा प्रश्न येतो. पाडा ना! दुसरीकडं बांधा! पण कॉलेजच्या जागा अशा सुटत नाहीत. आपल्या कॉलेजचा कट्टा पाडून तिथं पार्किंग करायचं ठरलं तर आपण काय करू, ते आठवून बघा.

या स्टेडियमच्या आठवणी तर वेगळ्याच लेव्हलच्या आहेत. वंडर टीमचा तो कोच अँडी स्मिथ १९२६मध्ये न्यूमोनियानं गेला. त्याच्या अस्थी विमानातून याच मैदानावर विखुरल्या गेल्या. २३ मार्च १९६२ला अध्यक्ष जॉन केनेडींनी इथं भाषण केलं, तेव्हा ऐंशी हजारांहून जास्त लोक आले होते. आणि २० नोव्हेंबर १९८२ला जे घडलं त्याला तिकडं नुसतं 'द प्ले' म्हणतात. नाव सांगायची गरजच पडत नाही.

स्टॅनफर्ड २०-१९नं पुढं. वेळ उरलाय चार सेकंद. स्टॅनफर्डनं बॉल लाथाडला, बर्कलीच्या पोरांनी तो पकडला आणि मग एकमेकांकडं मागं-बाजूला असा पाच वेळा फेकला. तेवढ्यात आपण जिंकलो असं समजून स्टॅनफर्डचा आख्खा बँड वाजवत मैदानात घुसला. बर्कलीचा केव्हिन मोएन बॉल घेऊन त्या वाजंत्र्यांतून वाट काढत पळाला आणि शेवटच्या रेषेपलीकडं एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवा करून थांबला. २५-२०! यूट्यूबवर बघा, लगानचा शेवटचा बॉलही फिका वाटेल.

अशा जागेला 'धोकादायक इमारत' असा बोर्ड लावणं सोपं नसतं. युनिव्हर्सिटीनं १९९७मध्ये आपल्या इमारतींची भूकंपाच्या दृष्टीनं तपासणी केली, त्यात स्टेडियमला खराब शेरा मिळाला होता. आणि इथं खरा मुद्दा येतो. मॅच वर्षाला सहा-सात. प्रत्येकी चार तास धरले तरी वर्षाच्या ८,७६० तासांपैकी जेमतेम २८ तास. भूकंप नेमका त्याच वेळी येण्याची शक्यता अगदीच कमी. पण त्या उंच पश्चिम भिंतीच्या पोटात ऑफिसं, ड्रेसिंग रूम, ट्रेनिंगच्या खोल्या होत्या. तिथं कोच, कर्मचारी आणि वेगवेगळ्या खेळांची शेकडो पोरंपोरी रोज यायची. रोज. प्रेक्षकांसाठी चार तासांची जोखीम आणि खेळाडूंसाठी बारा महिन्यांची. एकोणीस-वीस वर्षांचा खेळाडू स्कॉलरशिपवर आलेला. 'मी या खोलीत व्यायाम करणार नाही' असं तो कुणाला सांगणार?

झाडावर चढलेलं आंदोलन

म्हणून युनिव्हर्सिटीनं ठरवलं, आधी खेळाडूंना बाहेर काढायचं. पश्चिम भिंतीला लागून नवं ट्रेनिंग सेंटर बांधायचं आणि मग स्टेडियम दुरुस्त करायचं. ऐकायला शहाणपणाचं. पण त्या जागेवर ओकची झाडं होती. २ डिसेंबर २००६, स्टॅनफर्डच्या मॅचचा दिवस. काही आंदोलक त्या झाडांवर चढून बसले आणि खाली उतरले ते थेट ९ सप्टेंबर २००८ला! एकवीस महिने. माणसं बदलली, पण झाडं रिकामी झाली नाहीत. खाली कुंपण, पोलीस, कोर्टकचेरी.

कोर्टातला वाद जास्त इंटरेस्टिंग होता. १९७१च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर कॅलिफोर्नियानं १९७२मध्ये एक कायदा केला, अल्क्विस्ट-प्रिओलो कायदा. जिवंत फॉल्टवर माणसांच्या वापराची नवी इमारत बांधायची नाही. आधीपासूनच असलेल्या इमारतीत बदल करायचे तर त्यांचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त नको. आता सांगा, ऐंशी वर्षं जुन्या, फॉल्टवरच्या, सरकत्या स्टेडियमची 'किंमत' काय लावायची? आणि भिंतीला चिकटून होणारं नवं सेंटर हे स्टेडियमचंच जोडकाम की वेगळी इमारत? बर्कली शहर, शेजारची रहिवासी संघटना आणि झाडं वाचवणारी मंडळी कोर्टात गेली. शेवटी कोर्टानं सेंटर वेगळं मानलं. २००८मध्ये झाडं पडली आणि काम सुरू झालं.

यात नायक कोण आणि खलनायक कोण हे ठरवणं अवघड आहे. झाडंवाल्यांचं म्हणणं खोटं नव्हतं आणि खेळाडूंचा जीवही खोटा नव्हता. १९२३ची एक चूक ऐंशी वर्षांनी दोन बरोबर बाजूंना एकमेकांसमोर उभी करते, ती अशी.

कॅरमची पावडर

२०१०चा सीझन संपताना दुरुस्ती सुरू झाली. २०११मध्ये टीम घरच्या मॅचेस सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर खेळली. इंजिनीअरांपुढचा प्रश्न असा होता. भेग हलणारच. तिला अडवणारं काँक्रीट जगात नाही. मग काय करायचं?

उत्तर भन्नाट आहे. अडवायचंच नाही. सरकू द्यायचं.

जिथून भेग जाते तिथले दोन तुकडे त्यांनी बाकीच्या स्टेडियमपासून कापून मोकळे केले. केकचे दोन पीस वेगळे करावेत तसे. त्या तुकड्यांखाली जाड पाया, आणि पायाखाली वाळू आणि प्लास्टिकचे थर. कॅरम बोर्डवर आपण पावडर टाकतो ना, सोंगटी सुळकन सरकावी म्हणून? तेच तत्त्व. उद्या मोठा भूकंप आलाच तर हे तुकडे आडवे ६ फुटांपर्यंत आणि उभे २ फुटांपर्यंत हलू शकतात. तुकडा तिरका होईल, फिरेल, पण शेजाऱ्यांवर आदळून ढासळणार नाही.

पश्चिमेची ती कमानींची ऐतिहासिक भिंत तशीच ठेवली, कारण २००६मध्येच स्टेडियमचं नाव राष्ट्रीय वारसा यादीत लागलं होतं. पण तिच्या आतलं सगळं पाडून नवं केलं. बाहेरून १९२३, आतून २०१२. पत्रकारांसाठीची वरची मोठी गॅलरी स्वतंत्र आधारावर उभी केली. त्या आधाराच्या काँक्रीटच्या भिंती भूकंपात जागच्या जागी डोलू शकतात, आणि झटका जिरवायला गाडीच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरसारखी यंत्रणा बसवलीय. १ सप्टेंबर २०१२ला स्टेडियम पुन्हा उघडलं. क्षमता तेव्हा सुमारे ६३ हजार. पहिली मॅच बर्कली हरली, नेवाडाकडून २४-३१नं. इंजिनीअरिंगनं सगळंच सुधारत नाही!

बिल कोण भरणार?

दुरुस्तीचा खर्च आला ३२ कोटी १० लाख डॉलर. शेजारचं सेंटर धरून कर्ज गेलं सुमारे ४४.५ कोटी डॉलरवर. आठवतंय ना, मूळ स्टेडियम १४ लाखांत झालं होतं. शंभर वर्षांची महागाई धरली तरी चूक दुरुस्त करणं चूक करण्यापेक्षा कितीतरी महाग पडलं.

पैसा उभा करायची आयडिया मोठी होती. चांगल्या जागेवरच्या खुर्च्यांचे हक्क चाळीस-पन्नास वर्षांसाठी श्रीमंत चाहत्यांना विकायचे. पण खुर्च्या अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत. टीमही सारखी जिंकत नव्हती. त्याच काळात क्रीडा विभागाची तूट एवढी वाढली होती, की सप्टेंबर २०१०मध्ये बेसबॉल आणि जिम्नॅस्टिक्ससह पाच खेळांच्या टीमवर कात्री चालवायची घोषणा झाली. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून बेसबॉल वाचवला आणि त्याच २०११मध्ये तो संघ थेट कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत पोहोचला. सिनेमात शोभावं असं.

पैशाची ओढाताण मात्र संपली नाही. २०२१मध्ये मैदानाचं नाव एका क्रिप्टो कंपनीला विकलं, एफटीएक्सला. दहा वर्षं, १ कोटी ७५ लाख डॉलर. नोव्हेंबर २०२२मध्ये ती कंपनीच कोसळली आणि नाव उतरवावं लागलं. भेगेवरच्या मैदानाला त्याहून डळमळीत नाव लागलं होतं, असा जोक तेव्हा न सुचणं अवघडच. २०२४पासून तर पॅसिफिक किनाऱ्यावरची ही टीम अटलांटिक किनाऱ्याच्या लीगमध्ये खेळते, कारण जुनी लीग फुटली आणि टीव्हीचा पैसा तिकडं गेला. आणि याच सीझनमध्ये विद्यार्थ्यांनी मीम्सचा असा पाऊस पाडला की आख्ख्या देशाचं लक्ष बर्कलीकडं गेलं. 'कॅलगोरिदम' असं त्याचं नाव. टीम थोडक्यात हरत होती, पण इंटरनेटवर जिंकत होती.

मग हलवायला हवं होतं का?

कागदावर उत्तर सोपं आहे. १९२३मध्ये अर्धा किलोमीटर पश्चिमेला सरकले असते, तर ना ओढा फुटला असता, ना झाडावर माणसं चढली असती, ना एवढं कर्ज झालं असतं. पण तेव्हाच्या लोकांकडं डोंगर होता, प्रतिस्पर्धी होता, जिंकणारी टीम होती आणि घाई होती. धोक्याची माहिती होती, पण ती फाइलमध्ये होती. आपल्या आसपासची पूररेषेतली बांधकामं आठवली तर हे काही फार परकं वाटायला नको. नंतरचे लोक फक्त हप्ते भरतात.

तरी बर्कलीकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. उशिरा का होईना, त्यांनी 'काही होत नाही हो' म्हणणं थांबवलं. आधी रोज आत बसणाऱ्या पोरांना बाहेर काढलं, मग प्रेक्षकांचं बघितलं. क्रम बरोबर होता. आणि भेगेशी भांडण्याऐवजी तिला जागा करून दिली.

आज तुम्ही तिथं मॅचला गेलात तर जुनी तुटकी भिंत शोधावी लागेल, बरीचशी दुरुस्त झालीय. पण स्टेडियम थांबलेलं नाही. तोफ वाजते, बँड सुरू होतो, कंजूस टेकडीवरून फुकटे ओरडतात आणि मैदानाखाली पश्चिमेकडचं अंग उत्तरेला, पूर्वेकडचं दक्षिणेला सरकतच असतं. हे वर्ष संपेपर्यंत अजून पाच मिलिमीटर.